डेटाबेस बसवला, पुढे काय? : सर्व्हर-सुरक्षेच्या पंचवीस वर्षांचा आढावा

मे २०२२ मध्ये शॅडोसर्व्हर फाउंडेशन या ना-नफा संस्थेने इंटरनेट चाचपून एक मोजणी प्रसिद्ध केली. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ३३०६ क्रमांकाच्या पोर्टवर बाहेरच्या कुणालाही उत्तर देणारे ३६ लाखांहून अधिक सर्व्हर तिला सापडले. त्यांपैकी सुमारे २३ लाख आयपीव्ही४ पत्त्यांवर होते आणि १३ लाख आयपीव्ही६ पत्त्यांवर. उत्तर मिळाले म्हणून लगेच आत शिरता येते असे नाही. पण डेटाबेस सर्व्हरने अनोळखी माणसाशी बोलावे असे कारण सहसा नसतेच. त्याच्याशी बोलायचे असते ते संकेतस्थळाच्या किंवा हिशेबाच्या अॅप्लिकेशनने, आणि ते बहुतेक वेळा शेजारच्याच यंत्रावर असते.

हे लाखो सर्व्हर असे उघडे कसे राहिले, या प्रश्नाची एकेकाळी दोन सरळ उत्तरे होती. एक, इन्स्टॉल करणाऱ्याने नंतरची कामे केली नाहीत. दोन, ज्या कंपनीने किंवा गटाने डेटाबेस बनवला त्यांनी तो उघडाच दिला. गेल्या पंचवीस वर्षांत या दोन उत्तरांमधली रेषा बरीच सरकली आहे. मायएसक्यूएल, पोस्टग्रेसक्यूएल, ओरॅकल आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर या चार प्रमुख रिलेशनल डेटाबेसांच्या आधारे ती कुठवर सरकली आणि कुठे अडली, हे पाहता येते.

पासवर्ड सर्वांना ठाऊक होते

ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्या इन्स्टॉल झाल्या की काही खाती आपोआप तयार होत आणि त्यांचे पासवर्ड जगभर सारखेच असत. सरावासाठी दिलेल्या 'स्कॉट' या खात्याचा पासवर्ड 'टायगर' होता. ब्रूस स्कॉट हे कंपनीच्या सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी एक आणि टायगर हे त्यांच्या घरच्या मांजराचे नाव. सरावाचे खाते एकवेळ सोडून देता आले असते. पण सर्वाधिकार असलेल्या 'सिस'चा पासवर्ड 'चेंज ऑन इन्स्टॉल' असा होता. म्हणजे सूचना पासवर्डातच लिहिलेली होती, तरी ती पाळल्याशिवाय डेटाबेस सुरू होणार नाही अशी सक्ती नव्हती. २००५ च्या ऑक्टोबरअखेर 'व्हॉयेजर' नावाने ओळखला गेलेला जो नमुना-वर्म जाहीर झाला, तो या ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्याच वापरून पाहत होता.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'एसए' हे सर्वाधिकारी खाते पासवर्डशिवाय ठेवण्याची मुभा इन्स्टॉल करतानाच मिळे. मे २००२ मध्ये 'स्पायडा' या वर्मने तिचा फायदा घेतला. १४३३ पोर्टवर ऐकणारे सर्व्हर शोधायचे, रिकाम्या पासवर्डाने आत जायचे, यंत्रावरच्या पासवर्डांची कूटरूपे गोळा करून ईमेलने पाठवायची आणि पुढचा सर्व्हर शोधायचा. त्याने कुठलीही त्रुटी वापरली नव्हती. उत्पादनाने जे करू दिले होते तेवढेच त्याने केले.

मायएसक्यूएलमध्ये 'रूट'ला पासवर्ड नसे, नाव न सांगता जोडता येणारी निनावी खाती असत आणि 'टेस्ट' नावाचा डेटाबेस कुणालाही लिहिता-वाचता येई. त्यावर उपाय म्हणून 'मायएसक्यूएल सिक्युअर इन्स्टॉलेशन' ही छोटी स्क्रिप्ट सोबत दिली जाई. ती एकेक प्रश्न विचारत असे : रूटला पासवर्ड द्यायचा का, निनावी खाती काढायची का, रूटला दुसऱ्या यंत्रावरून येण्यास मनाई करायची का, टेस्ट डेटाबेस पुसायचा का. प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हटले की काम झाले. वेबसाइट उभारणाऱ्या एका आख्ख्या पिढीने डेटाबेस-सुरक्षेचा पहिला धडा या स्क्रिप्टवर गिरवला. मात्र ती चालवणे ऐच्छिक होते.

या काळातली सर्वांत मोठी घटना पासवर्डाशी संबंधित नव्हती. २५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' हा अवघ्या ३७६ बाइटांचा वर्म एसक्यूएल सर्व्हर २००० मधल्या एका त्रुटीतून यूडीपी १४३४ पोर्टमार्गे पसरला. बाधित यंत्रांची संख्या सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती आणि बळी पडू शकणाऱ्या यंत्रांपैकी नव्वद टक्के यंत्रे दहा मिनिटांत बाधित झाली, असे नंतर अभ्यासकांनी दाखवले. बँक ऑफ अमेरिकाची हजारो एटीएम बंद पडली. दक्षिण कोरियात इंटरनेट जवळजवळ ठप्प झाले. ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज प्रकल्पातली सुरक्षाविषयक आकडे दाखवणारी यंत्रणा सुमारे पाच तास बंद राहिली. त्या वेळी अणुभट्टी बंद होती हे नशीब. मायक्रोसॉफ्टने या त्रुटीचा पॅच सहा महिने आधीच, जुलै २००२ मध्ये दिला होता.

डिफॉल्ट बदलले, पण नव्या सर्व्हरांपुरते

त्यानंतरच्या दोन दशकांत चारही उत्पादनांनी एकच दिशा धरली. इन्स्टॉल करणाऱ्याने काहीच केले नाही, तरी सर्व्हर बऱ्यापैकी बंद राहिला पाहिजे. एसक्यूएल सर्व्हर २००५ मध्ये 'एक्सपी कमांडशेल' ही डेटाबेसमधून थेट ऑपरेटिंग सिस्टिमची आज्ञा चालवणारी सोय मुळातच बंद ठेवली गेली, तशा इतरही अनेक सोयी. २००८ च्या आवृत्तीपासून यंत्राचा प्रशासक आपोआप डेटाबेसचा सर्वाधिकारी होईनासा झाला. ओरॅकलने ठरावीक खाती कुलूपबंद आणि मुदत संपलेल्या अवस्थेत द्यायला सुरुवात केली. शिवाय ११जी आवृत्तीत, अजून जुनाच पासवर्ड असलेली खाती शोधून देणारा एक व्ह्यू दिला. ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेल्या मायएसक्यूएल ५.७ ने इन्स्टॉल होतानाच रूटसाठी यादृच्छिक पासवर्ड तयार करून एरर लॉगमध्ये लिहिण्याची आणि पहिल्या लॉगिनला तो बदलायला लावण्याची पद्धत आणली. निनावी खाती आणि टेस्ट डेटाबेस गेले. मायएसक्यूएलपासून फुटून निघालेल्या मारियाडीबीने १०.४ पासून वेगळा मार्ग घेतला. तिथे रूटला पासवर्डच नको. त्या यंत्रावर जो रूट आहे, तोच डेटाबेसमध्ये रूट.

पोस्टग्रेसक्यूएलची प्रकृती आधीपासूनच सावध. २००५ च्या ८.० आवृत्तीपासून ते फक्त स्वतःच्या यंत्रावरूनच जोडणी घेते, बाहेरची हवी असेल तर ते मुद्दाम लिहावे लागते. तरीही त्याची 'इनिटडीबी' ही आज्ञा काही न सांगता चालवली, तर त्याच यंत्रावरच्या कुणालाही पासवर्डाविना येऊ देणारी 'ट्रस्ट' पद्धत लागू होते. ती तसा इशारा देते, पण अडवत नाही. डेबियन आणि उबुंटूच्या पॅकेजांनी ही पळवाट, ऑपरेटिंग सिस्टिमचा वापरकर्ता कोण ते पाहणारी 'पीअर' पद्धत लावून आपल्यापुरती बंद केली.

इथे पहिला वाद येतो. कडक डिफॉल्टच्या विरोधात असणाऱ्यांची बाजू हलकी नाही. शिकणारा विद्यार्थी, लॅपटॉपवर चाचणी करणारा प्रोग्रॅमर, दर तासाला नवा डेटाबेस उभा करून मोडणारी स्वयंचलित चाचणी, या सगळ्यांना पासवर्डाची सक्ती अडथळाच वाटते. अडथळा आला की लोक तो ओलांडण्याची सर्वांत सोपी युक्ती शोधतात आणि तीच युक्ती पुढे खऱ्या सर्व्हरवर जाते. पोस्टग्रेसच्या अधिकृत डॉकर इमेजने २०२० च्या सुरुवातीला पासवर्ड सक्तीचा केला, तेव्हा अनेकांच्या चालू चाचण्या मोडल्या. 'मला ट्रस्टच हवे' असे स्पष्ट लिहिले तरच पासवर्डाविना चालेल, ही तडजोड तिने ठेवली. तिचा एक लाभ लक्षात घेण्याजोगा आहे. धोकादायक निवड आता संरचनेच्या फाइलीत लिखित स्वरूपात राहते आणि तपासणाऱ्याला दिसते.

कडक डिफॉल्टची दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ते नव्याने बसवलेल्या सर्व्हरचेच रक्षण करतात. पोस्टग्रेस १५ ने २०२२ मध्ये 'पब्लिक' स्कीमात कुणालाही टेबल तयार करू देण्याचा जुना हक्क काढून घेतला, पण जुना डेटाबेस अपग्रेड केला किंवा बॅकअपमधून परत आणला, तर जुने हक्क तसेच येतात. हे मुद्दामच तसे ठेवलेले आहे, कारण अपग्रेड करताच अॅप्लिकेशन बंद पडले तर लोक अपग्रेडच करणार नाहीत. त्यामुळे २०१२ साली बसवलेला आणि चार वेळा अपग्रेड झालेला सर्व्हर आवृत्तीने आजचा असतो, पण त्याच्या अधिकारांची मांडणी २०१२ सालचीच असू शकते.

पोर्ट कुणाला दिसावे

डेटाबेसचे पोर्ट इंटरनेटवर उघडे नसावे, यावर आज जाणकारांत जवळपास एकमत आहे. मजबूत पासवर्ड असला तर उघड्या पोर्टाने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांना दोन घटनांनी उत्तर दिले.

जून २०१२ मध्ये मायएसक्यूएल आणि मारियाडीबीच्या काही बिल्डमध्ये एक विचित्र त्रुटी उघड झाली. पासवर्ड ताडून पाहणाऱ्या कोडमध्ये एका आकड्याचे रूपांतर चुकत होते, आणि साधारण २५६ प्रयत्नांत एकदा कुठलाही चुकीचा पासवर्ड बरोबर ठरत होता. एका सेकंदात शेकडो प्रयत्न करता येतात. म्हणजे पासवर्ड कितीही लांब असला तरी उपयोग शून्य. एप्रिल २०१३ मध्ये पोस्टग्रेसमध्ये अशी त्रुटी सापडली, की जोडणी मागताना डेटाबेसचे नाव उणे चिन्हाने सुरू केले तर पासवर्ड तपासला जाण्याआधीच सर्व्हरच्या फाइली बिघडवता येत होत्या. प्रकल्पाने तेव्हा पॅच तयार होईपर्यंत आपला सार्वजनिक कोड-साठा अद्ययावत करणे थांबवले होते, ही त्या समुदायात अपवादाची गोष्ट. दोन्ही वेळी जे सर्व्हर बाहेरून दिसत नव्हते, त्यांच्या मालकांना श्वास घ्यायला वेळ मिळाला.

एकमत असूनही ३६ लाख सर्व्हर दिसले, याची कारणे बरीचशी नकळत घडणारी आहेत. मायएसक्यूएल ८.० मूळ स्वरूपात सर्व पत्त्यांवर ऐकतो, तर डेबियन-उबुंटूचे पॅकेज त्याला स्वतःच्या यंत्रापुरते बांधते. त्यामुळे एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे फसवा ठरतो. डॉकरमध्ये पोर्ट प्रकाशित केले, की डॉकर स्वतःचे नियम लावतो आणि उबुंटूची यूएफडब्ल्यू फायरवॉल बाजूला पडते. डॉकरच्या दस्तऐवजात हे लिहिलेले आहे, पण ते वाचण्याआधी सर्व्हर उभा करणारे पुष्कळ असतात. फायरवॉल चालू असल्याचे स्क्रीनवर दिसते आणि पोर्ट मात्र जगाला उघडे असते. म्हणून आतून काय दिसते त्यावर न विसंबता दुसऱ्या जाळ्यावरून पोर्ट तपासून पाहणे, ही इन्स्टॉलनंतरची पहिली चाचणी असायला हवी. ती बऱ्याच याद्यांत आजही नसते.

पोर्टचा क्रमांक बदलावा का, हा जुना वाद आता जवळपास मिटला आहे. त्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो. पण २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या झेडमॅप या साधनाने एका पोर्टसाठी संपूर्ण आयपीव्ही४ जाळे पाऊण तासाच्या आत चाचपून दाखवल्यावर, लपून राहण्यावर कुणी भिस्त ठेवत नाही.

पासवर्डाचे वय आणि त्याचे कूटरूप

पासवर्ड ठरावीक मुदतीने बदलायलाच हवा, ही कित्येक दशकांची शिस्त होती. मायएसक्यूएल ५.७ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी ती डिफॉल्टमध्ये आणली : ३६० दिवस झाले की पासवर्ड बाद. पण डेटाबेसचे बहुतेक वापरकर्ते माणसे नसून अॅप्लिकेशन असतात. माणसाला 'पासवर्ड बदला' असा निरोप दाखवता येतो; अॅप्लिकेशनची जोडणी नुसती तुटते. ५.७.११ मध्ये ही मुदत शून्यावर, म्हणजे 'कधीच नाही'वर आणली गेली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या प्रमाणीकरण संस्थेनेही, पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसताना तो सक्तीने बदलायला लावू नये, असे मत दिले. सक्तीने बदललेले पासवर्ड लोक एखादा आकडा वाढवून बनवतात, हे त्यामागचे कारण.

तरीही दुसरी बाजू संपलेली नाही. लेखापरीक्षकांच्या अनेक याद्यांत नव्वद दिवसांची अट अजून आहे. कार्ड-व्यवहारांसाठीच्या पीसीआय डीएसएस मानकाने २०२२ च्या चौथ्या आवृत्तीत पर्याय दिला, अट पूर्णपणे काढली नाही. अॅप्लिकेशनच्या खात्यांबाबत तिसरा मार्ग पुढे येतो आहे : कायमचा पासवर्डच नको. अॅमेझॉनच्या आरडीएस सेवेत पंधरा मिनिटे चालणारे टोकन मिळते. व्हॉल्टसारखी साधने गरजेपुरते खाते तयार करून नंतर पुसतात. मोठ्या संस्थांना हे जमते. दोन माणसांच्या आयटी विभागाला आणखी एक यंत्रणा सांभाळणे परवडेल का, याचे उत्तर अजून कुणी नीट दिलेले नाही.

पासवर्ड सर्व्हरवर कोणत्या रूपात साठवायचा, यावर तत्त्वतः वाद नाही. वाद वेगाचा आहे. पोस्टग्रेसने २०१७ मध्ये 'स्क्रॅम' पद्धत आणली, २०२१ मध्ये ती डिफॉल्ट केली आणि २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत जुनी एमडी५ पद्धत कालबाह्य ठरवली. आठ वर्षे लागली. मायएसक्यूएलने २०१८ मध्ये ८.० आवृत्तीसोबतच नवी पद्धत डिफॉल्ट केली, आणि जुन्या पीएचपीवर चालणारी संकेतस्थळे जोडलीच जाईनात. पुष्कळांनी खाती परत जुन्या पद्धतीवर नेली. शेवटी २०२४ मध्ये ८.४ ने जुनी पद्धत मुळात बंद ठेवली आणि ९.० ने ती काढून टाकली. पोस्टग्रेसचा संथ रस्ता अधिक लोकांना सोबत घेऊन गेला असे दिसते.

अधिकार किती द्यायचे

कमीत कमी अधिकाराचे तत्त्व सर्वजण मान्य करतात आणि सर्वांत कमी पाळतात. २०१७ च्या इक्विफॅक्स प्रकरणात हल्लेखोर शिरले ते अपाचे स्ट्रट्स या वेब-सॉफ्टवेअरच्या त्रुटीतून; डेटाबेसची त्यात चूक नव्हती. पण आत गेल्यावर त्यांना एका फाइलीत उघड्या स्वरूपात नावे-पासवर्ड सापडले आणि त्यांच्या बळावर मूळ यंत्रणेशी संबंध नसलेले ४८ डेटाबेस त्यांनी चाळले. सुमारे नऊ हजार वेळा प्रश्न विचारले गेले आणि जवळपास पंधरा कोटी लोकांची माहिती गेली. एका अॅप्लिकेशनचा पासवर्ड त्याच्याच टेबलांपुरता चालला असता, तर ही संख्या इतकी झाली नसती.

अडचण अशी, की अधिकार बारकाईने वाटायला वेळ लागतो आणि चुकले तर अॅप्लिकेशन लगेच बंद पडते. जास्त दिले तर मात्र काहीच होत नाही, निदान त्या दिवशी. म्हणून मुदत जवळ आली की 'सगळे अधिकार द्या' ही एका ओळीची आज्ञा चालवली जाते. टेबलांची रचना बदलणारे खाते वेगळे आणि रोजचे लिहिणे-वाचणे करणारे वेगळे, एवढी एक विभागणी जरी केली तरी मोठा भाग साधतो. पोस्टग्रेस ९.५ पासून ओळीनिहाय अधिकारही देते, पण ते वापरणारे थोडे.

सर्वाधिकाऱ्याने काय करू शकावे, हा प्रश्न तत्त्वाचा आहे आणि २०१९ मध्ये तो उघडपणे चर्चेला आला. पोस्टग्रेसमध्ये ९.३ पासून 'कॉपी फ्रॉम प्रोग्रॅम' ही आज्ञा आहे. ती सर्व्हरवरचा एखादा प्रोग्रॅम चालवून त्याचे उत्तर टेबलात भरते. सुरक्षा संशोधकांनी तिला त्रुटी म्हणून नोंदणीचा सीव्हीई क्रमांक मिळवून दिला. प्रकल्पाच्या सुरक्षा गटाने तो अमान्य केला. ही सोय फक्त सर्वाधिकाऱ्याला किंवा तशी भूमिका दिलेल्या खात्यालाच मिळते, आणि डेटाबेसचा सर्वाधिकारी व तो ज्या खात्यावर चालतो तो ऑपरेटिंग सिस्टिमचा वापरकर्ता यांच्यात सुरक्षेची भिंत आम्ही कधीच मानलेली नाही, असे त्यांचे म्हणणे. संशोधकांचा मुद्दा व्यवहारातला होता : प्रत्यक्षात असंख्य अॅप्लिकेशन सर्वाधिकारी खात्यानेच जोडलेली असतात, म्हणून ही सोय घुसखोराला थेट यंत्रात नेते. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. एसक्यूएल सर्व्हरने 'एक्सपी कमांडशेल' बंद ठेवले तरी सर्वाधिकारी ते दोन आज्ञांत पुन्हा सुरू करू शकतो, म्हणजे तिथेही भिंत नाहीच. मायएसक्यूएलने निराळी वाट काढली. फाइली वाचण्या-लिहिण्याची जागा ठरवणारी सेटिंग चालू सर्व्हरला एसक्यूएलमधून बदलता येत नाही. त्यासाठी यंत्रावर जाऊन सर्व्हर नव्याने सुरू करावा लागतो. हे उदाहरण इतरांनी उचलण्यासारखे आहे.

एन्क्रिप्शन : कुणापासून?

डिस्कवरचा साठा कूटबद्ध करणारे पारदर्शक एन्क्रिप्शन, म्हणजे टीडीई, ओरॅकलने १०जी च्या दुसऱ्या प्रकाशनात आणले आणि एसक्यूएल सर्व्हरने २००८ मध्ये. तिथे ते बराच काळ महागड्या एंटरप्राइझ आवृत्तीतच होते. २०१९ पासून स्टँडर्ड आवृत्तीतही मिळते. पोस्टग्रेसच्या मूळ कोडात ते अजूनही नाही. त्यावर वर्षानुवर्षे चर्चा झाली आहे.

समर्थकांचे म्हणणे, चोरीला गेलेली डिस्क किंवा बॅकअपची फाइल त्याशिवाय उघडी पडते, आणि अनेक नियम व करार ते मागतात. आक्षेप घेणारे म्हणतात, की सर्व्हर चालू असताना किल्ली त्याच्या स्मृतीत असते. चोरलेल्या पासवर्डाने जो जोडला गेला त्याला सगळे साध्या अक्षरांतच दिसते. डिस्कपुरते काम तर ऑपरेटिंग सिस्टिमही करते. किल्ली अॅप्लिकेशनकडेच ठेवणारी पद्धत, जसे एसक्यूएल सर्व्हर २०१६ चे 'ऑलवेज एन्क्रिप्टेड', डेटाबेसच्या प्रशासकापासूनही माहिती लपवते, पण त्या स्तंभांवर क्रम लावणे आणि शोध घेणे आखडते. आधार क्रमांक किंवा आजाराची नोंद अशा मोजक्या स्तंभांसाठी हे मान्य करता येईल, सगळ्या डेटाबेससाठी नाही.

जाळ्यावरून जाणाऱ्या माहितीचे एन्क्रिप्शन वरवर सुटलेला प्रश्न वाटतो, कारण बहुतेक सर्व्हर ते देऊ शकतात. खरी गोम प्रमाणपत्र तपासण्यात आहे. पोस्टग्रेसच्या क्लायंटची डिफॉल्ट सेटिंग 'शक्य असेल तर एन्क्रिप्ट करा, नाही तर तसेच चला' अशी आहे, आणि सुरक्षेच्या दृष्टीने तिला अर्थ नाही असे खुद्द त्याची पुस्तिकाच सांगते. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये ओडीबीसी ड्रायव्हर १८ पासून एन्क्रिप्शन डिफॉल्ट केले, तेव्हा घरगुती प्रमाणपत्रांवर चालणाऱ्या असंख्य जोडण्या अडल्या. बऱ्याच ठिकाणी उपाय म्हणून 'सर्व्हरवर विश्वास ठेवा' हा पर्याय जोडण्यात आला, आणि तपासणी पुन्हा बंद झाली.

पॅच, लॉग, बॅकअप

स्लॅमरच्या वेळी पॅच होता, तरी लागला नव्हता. त्याचे एक कारण आळसाचे नव्हते : एमएसडीई ही एसक्यूएल सर्व्हरची छोटी प्रत इतर अनेक उत्पादनांच्या पोटात बसवलेली होती आणि आपल्याकडे डेटाबेस सर्व्हर आहे हेच मालकाला माहीत नव्हते. आपल्याकडे काय काय चालू आहे याची यादी, हे काम आजही सर्वांत दुर्लक्षित आहे. पॅच तातडीने लावावा की चाचणी करून सावकाश, यावर मतभेद राहणार. पोस्टग्रेसच्या छोट्या आवृत्त्या तिमाहीला येतात आणि त्यांत नव्या सोयी नसतात, त्यामुळे तिथे वाट पाहण्याचे समर्थन करणे अवघड. पाठिंबा संपलेल्या आवृत्तीवर मात्र चर्चेला जागा नाही. मायएसक्यूएल ५.७ चा पाठिंबा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, ८.० ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची.

लॉगबाबत एक धोका क्वचित बोलला जातो. पोस्टग्रेसमध्ये रचना बदलणाऱ्या आज्ञांची नोंद चालू असताना नव्या खात्याचा पासवर्ड साध्या अक्षरांत आज्ञेत लिहिला, तर तो लॉगमध्येही तसाच उतरतो.

बॅकअप सुरक्षेत मोडतो का, हा प्रश्न फेब्रुवारी २०१७ ने निकालात काढला. रूटचा पासवर्ड ओळखून हल्लेखोरांनी मायएसक्यूएलचे डेटाबेस पुसले आणि ०.२ बिटकॉइनची मागणी मागे ठेवली. तपास करणाऱ्या गार्डिकोरच्या संशोधकांना डेटा बाहेर नेल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. म्हणजे खंडणी भरली असती तरी परत मिळण्यासारखे बहुधा काही नव्हते. त्याच वर्षी ३१ जानेवारीला गिटलॅबमध्ये एका अभियंत्याने चुकून खरा डेटाबेस पुसला, तेव्हा बॅकअपच्या पाचही व्यवस्था नीट चालत नसल्याचे कळले. कंपनीने ते स्वतःच प्रामाणिकपणे जाहीर केले, म्हणून इतरांना शिकता आले.

जबाबदारी कुणाची

बरीच कामे आता क्लाउड कंपनीकडे गेली आहेत. पॅच, बॅकअप, डिस्कचे एन्क्रिप्शन ती पाहते. या व्यवस्थेलाही दोन्ही टोकांनी धक्के बसले आहेत. एप्रिल २०२२ मध्ये विझ या कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडवरील पोस्टग्रेस सेवेत एका ग्राहकाला दुसऱ्याच्या डेटाबेसपर्यंत पोहोचवू शकणाऱ्या त्रुटींची साखळी उघड केली. तिथे ग्राहक काहीच करू शकला नसता. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या क्लाउड डेटा-सेवेच्या ग्राहकांची माहिती चोरीला गेली, तेव्हा मॅन्डियंट या सुरक्षा-कंपनीच्या तपासात कारण निघाले ते ग्राहकांचे चोरलेले पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नसणे. त्यानंतर ही पडताळणी सेवा देणाऱ्यानेच सक्तीची का केली नव्हती, असा प्रश्न विचारला गेला. इन्स्टॉलरच्या डिफॉल्टवरचा जुना वादच इथे नव्या जागी उभा आहे.

स्वतः सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटीचे बेंचमार्क हा सर्वमान्य आधार आहे. त्यांचा फायदा निर्विवाद, पण शेकडो मुद्द्यांत अत्यावश्यक आणि किरकोळ यांतला फरक नवख्याला कळत नाही.

भारतात कायद्याचा दाब आता वाढतो आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. नागरी सहकारी बँकांची संख्या देशात महाराष्ट्रात सर्वाधिक. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये प्राथमिक सायबर-सुरक्षा चौकट आणि डिसेंबर २०१९ मध्ये डिजिटल सेवांच्या व्याप्तीनुसार चार स्तर ठरवून दिले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याखालचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. एन्क्रिप्शन किंवा माहिती झाकणे, प्रवेशावर नियंत्रण, बॅकअप आणि वर्षभराचे लॉग यांचा त्यांत उल्लेख आहे. वाजवी म्हणजे नेमके किती, हे मात्र प्रकरणे निकाली निघतील तसेच स्पष्ट होईल. सुरक्षेची ही कलमे अधिसूचनेनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. ज्यांच्याकडे जुना, अनेकदा अपग्रेड झालेला सर्व्हर आहे, त्यांनी त्याआधी त्याचे पोर्ट बाहेरून तपासावे, खात्यांचे अधिकार एकदा मुळापासून वाचून काढावेत आणि एक बॅकअप प्रत्यक्ष परत आणून पाहावा.